चुकांचा डबा

शाळेतली मुलं त्यांना तोंडावर ‘चूकमास्तर’ म्हणत. दुसरा कुणी शिक्षक असता तर त्याने वर्ग डोक्यावर घेतला असता. यांना मात्र ते नाव मिरवावंसं वाटे. कुणी पाहुणा आला की स्वतःच ओळख करून देत, “मी चूकमास्तर. एकतीस वर्षं चुकीचं शिकवतोय, अजून कुणी काढून टाकलेलं नाही.”

नाव पडलं ते त्यांच्या खेळामुळे. दर तासाला ते एक गोष्ट मुद्दाम चुकीची शिकवत. बाकी सगळं खरं, एकच खोटं, आणि ते मुलांनी पकडायचं. चेहरा असा गंभीर ठेवत की मुरलेला वकीलही फसावा. पकडलं तरी ओरडायचं मात्र नाही. ‘ओरडला तो बाद’ हा पहिला नियम. ओरडणारी मुलं नेहमीची चार-पाचच असतात आणि त्यांच्या गलक्यात सावकाश विचार करणारं मूल चेंगरतं, असं सरांचं म्हणणं. म्हणून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा तासभर बाकाबाकांवरून फिरत राही. चूक सापडली की चिठ्ठी लिहायची, खाली नाव घालायचं, डब्यात टाकायची आणि तोंडाला कुलूप. शेवटच्या दहा मिनिटांत सर डबा उघडत. ज्याची चिठ्ठी सगळ्यात नेमकी, त्याच्या हातात लाल खडू. त्याने फळ्यावर बरोबर काय ते लिहायचं, आणि तेवढा वेळ सर दोन्ही कान पकडून बाजूला उभे राहत आणि म्हणत, “चुकलो. शिकवा मला.” सत्तावन्न वर्षांचा, डोक्याचं मैदान झालेला माणूस कान पकडून उभा राहिला की मुलं बाकांवरून खाली घरंगळत.

बाकीचे उद्योग वेगळेच. जडत्व शिकवायचं म्हणून त्यांनी एकदा शिक्षकांच्या खोलीत मोठ्या बाईंच्या कपबशीखालचा टेबलक्लॉथ झटक्यात ओढून काढला होता. कप जागच्या जागी राहिला, बाईंचा जीव मात्र जागेवर राहिला नाही. आवाज नळीतून कसा जातो हे दाखवायला बागेतली पाण्याची नळी दोन मजल्यांवरून फिरवून त्यांनी तळमजल्यावरच्या गणिताच्या तासात शिंक सोडली होती. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्या कपाळाला हात लावत, पण निकाल लागला की त्याच हाताने सरांची पाठ थोपटत. सरांच्या हाताखालून गेलेलं मूल विज्ञानात नापास झाल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

या सगळ्या उचापतींमागे बाटलीकाका. प्रयोगशाळेचा शिपाई. आयुष्यात थेंबाला शिवला नाही, पण दिवसभर बाटल्या धुतो म्हणून नाव बाटलीकाका. टेबलक्लॉथ धुऊन-वाळवून गुळगुळीत केला तो काकांनी, नळीचे सांधे बांधले ते काकांनी. रोज सकाळी सर आपली छोटी निळी वही त्यांच्यापुढे धरत. त्यात त्या दिवशीची ठरवलेली चूक लिहिलेली असे. काका वाचत, हसत आणि त्याप्रमाणे टेबल मांडत. चोवीस वर्षं हे चाललं होतं.

दीड वर्षापूर्वी एकदा सरांनी डबा उघडला, तर चिठ्ठ्यांमध्ये दोन चुका निघाल्या. एक वहीतली. दुसरी ग्रहांच्या क्रमातली. ती सरांनी पेरलीच नव्हती. मुलं टाळ्या वाजवायला लागली, “सर, आज जोडचूक!” सरही हसले. म्हणाले, “हो तर! जोडचूक! बघू म्हटलं, जागे आहात का.” मग सामानाच्या खोलीत जाऊन त्यांनी निळी वही तीनदा वाचली. वहीत एकच चूक होती. ते तिथल्या स्टुलावर बसले आणि त्यांना थोरला भाऊ आठवला.

थोरल्या भावाचं डोकं साठीच्या आतच गेलं होतं. शेवटची चार वर्षं तो खिडकीशी बसून होता. घरातली माणसं त्याच्या डोक्यावरून एकमेकांशी बोलत, आणि त्याच्याशी बोलायची वेळ आली की बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडून बोलत. पाहुण्यांसमोर त्याची गंमत म्हणून त्याला विचारत, आज वार कोणता? तो चुकला की सगळे हसत. सरही एकदा हसले होते. आता सरांना हवं होतं ते एकच. निवृत्तीला जे दिवस उरलेत ते याच वर्गात, याच टेबलामागे काढायचे, आणि त्या दारातून चूक पेरणारा माणूस म्हणून बाहेर पडायचं, पकडला गेलेला म्हणून नव्हे.

खेळाने त्यांना छान झाकलं. सर चुकले की मुलं समजत, पेरली. जोडचूक, मग तिहेरी चूक. मुलांची चंगळ झाली. चिमटी म्हणून एक मुलगी होती, बारीकसुद्धा चूक चिमट्यात धरते म्हणून ते नाव सरांनीच ठेवलेलं. तिने त्या वर्षी एकोणीस वेळा लाल खडू मिळवला.

फसले नाहीत ते बाटलीकाका. वही रोज त्यांनी वाचलेली, आणि डबा रिकामा करायचं कामही त्यांचंच. एके दिवशी सर दाबाचं सूत्र उलटं लिहायला लागले तेव्हा काका कोपऱ्यातून दोनदा खोकले. सरांनी वळून पाहिलं, फळ्याकडे पाहिलं आणि सूत्र पुसलं. पुढे तेच ठरून गेलं. दोन खोकले म्हणजे ही वहीतली नव्हे. दोघांत त्याबद्दल एक शब्द झाला नाही.

पण खोकले वाढले. एका तासात पाच-पाच वेळा. मुलं काकांची नक्कल करायला लागली. इतिहासाचे शिक्षक म्हणाले, “तुमच्या बाटलीकाकांना छातीचं काही झालंय का हो? तपासून घ्या.” सरांना ते झोंबलं. झोंबलं कारण खोकला कुणाच्या आजाराचा होता हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. एका सोमवारी काका सहाव्यांदा खोकले तेव्हा सर भडकले. “खोकला असेल तर घरी बसा! माझ्या वर्गात खोकायचं नाही. समजलं?” वर्ग खदखदून हसला. मुलं हसली म्हणून काकाही हसले. मग खाली मान घालून परीक्षानळ्या पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, आम्लाचा तास होता.

हा तास सरांचा हुकमाचा पत्ता. तीव्र आम्ल पातळ करताना आम्ल पाण्यात ओतायचं, बारीक धारेने. उलट केलं, आम्लावर पाणी ओतलं, तर ते जागच्या जागी उकळून अंगावर उडतं. हे कुणी जन्मात विसरू नये म्हणून सरांनी एक गाणं रचलं होतं आणि एकतीस वर्षं ते मुलांकडून टेबलं बडवून म्हणवून घेतलं होतं.

“आम्ल पाण्यात, सावकाश हात!
पाणी आम्लात, थेट डोळ्यात!”

शाळा सोडून गेलेली बाप्ये माणसंही रस्त्यात भेटली की नमस्काराऐवजी हेच म्हणत.

त्या दिवशीची ठरवलेली चूक लिटमसची होती. आम्लात निळा कागद लाल होतो. सर सांगणार होते, लाल कागद निळा होतो. ती विसरू नये म्हणून सकाळपासून ते लाल-निळं, लाल-निळं घोकत होते. सगळं लक्ष त्या कागदाच्या तुकड्यावर. गाण्याची त्यांना काळजीच नव्हती. ते काय, झोपेतही आलं असतं.

सर टेबलामागे उभे राहिले, एप्रन नीट केला, संरक्षक चष्मा चढवला. चांगल्या काचांचा चष्मा तेवढा एकच होता. हात वर करून ठणठणीत आवाजात म्हणाले, “पाणी आम्लात, सावकाश हात!” आणि तेच फळ्यावर लिहिलं.

वर्गात खसखस पिकली. मग शांतता आणि कागद फाडल्याचे आवाज. डबा बाकाबाकांवरून भराभर फिरायला लागला. सरांनी मुलांना माना खाली घालून लिहिताना पाहिलं आणि त्यांचा ऊर भरून आला. लिटमस अजून काढलाही नाही आणि कार्टी तयार! पुढे त्यांनी लिटमसचं सांगितलं, लाल-निळं बरोबर उलटं सांगितलं, न चुकता चुकले. फार दिवसांनी सगळं ठरवल्यासारखं होत होतं. दहा मिनिटं ते सुखात होते.

मग त्यांनी पाण्याचं चंचुपात्र उचललं आणि आम्लाच्या पात्रावर धरलं.

कोपऱ्यात बाटलीकाका एकदा खोकले. सरांनी जळजळीत नजरेने पाहिलं. काकांनी दुसरा खोकला गिळला. अडतीस मुलं ओठ घट्ट मिटून पाहत होती, काही तर तोंडावर हात दाबून. सर ओतणार नाहीत अशी त्यांची खात्री होती. सर कधी खरंच थोडंच करतात? पात्र तिरकं झालं तसे काका दोन ढांगांत पुढे आले, “सर, द्या इकडे,” म्हणत पात्राला हात घातला, आणि पाणी आम्लात गेलं ते त्या दोघांच्या हातांतून.

काकांच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता.

सरांच्या मनगटावर चार फोड आले. काकांना मुलांनीच नळाखाली नेलं. पहिली पंधरा मिनिटं पाणी मारायचं, हेही सरांनीच शिकवलेलं. चिमटी घड्याळ बघत मिनिटं मोजत होती. सर टेबलापाशी उभे राहून फळ्यावरची ओळ वाचत होते. ती त्यांच्याच अक्षरात होती आणि त्यात काय चुकलंय ते त्यांना अजूनही दिसत नव्हतं. दिसलं तेव्हा चिमटीने चौदावं मिनिट मोजलं होतं.

काकांचा उजवा डोळा गेला.

तिसऱ्या दिवशी सर इस्पितळात गेले. अर्धा चेहरा पट्टीत, आणि उरलेल्या अर्ध्याने काका हसले. “या सर. बाटली स्वच्छ झाली की नाही हे मी एक डोळा मिटूनच बघत होतो की नाही इतकी वर्षं? सवय आहे आपल्याला.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “मोठ्या बाई येऊन गेल्या. मी सांगून टाकलंय, टेबल मांडताना पात्रांची अदलाबदल माझ्याकडून झाली. तुम्ही आपलं आम्लच समजून ओतलंत.”

“अहो, पण…”

“तुम्ही ऐकणार नाही, ठाऊक आहे मला. तुमचा स्वभाव का मला नवा आहे? पण विचार करा जरा. तुमचे आठच महिने राहिलेत.”

काका उघड्या डोळ्याने सरांकडे बघत राहिले. चोवीस वर्षांत सरांनी त्यांच्याकडे जे मागितलं ते त्यांनी दिलं होतं, आणि आज न मागता दिलं होतं. घ्यायचं नाही एवढंच सरांनी करायचं होतं. ‘असं कसं म्हणता तुम्ही’ एवढं एक वाक्य. सर चादरीची सुरकुती नीट करत बसले. थोड्या वेळाने म्हणाले, “तुम्हाला संत्री सोलून देऊ का?”

काकांनी तोंड भिंतीकडे वळवलं. “राहू द्या,” म्हणाले.

मोठ्या बाई हुशार. त्यांना सगळं कळलं होतं, फक्त कळून घ्यायचं नव्हतं. “चौकशी म्हणजे काय सर, एक कागद. त्याखाली एक नाव लागतं. तुमचं आलं तर एकतीस वर्षांच्या सगळ्या वर्गांत लोक खोदत बसतील, कधीपासून असं होतंय म्हणून. त्यांचं नाव त्यांनी स्वतःच दिलंय. मी फक्त विचारते. ते म्हणतात तसं झालं?”

सरांनी मनात तो मंगळवार पुन्हा मांडून पाहिला. आणि खरं सांगायचं तर त्यांना मांडता येईना. झालीही असेल अदलाबदल. काका माणूसच आहेत. कुणी सांगावं? आयुष्यभर पोरांना ‘पाहिलं तेवढंच लिहा’ म्हणून दटावणाऱ्या माणसाने स्वतःच्या विसराळूपणाचा असा आडोसा केला आणि म्हणाले, “तसंच झालं असावं.”

“असावं नको. झालं.”

“झालं.”

सही नेहमीसारखीच वळणदार आली, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. चूक स्वतःची म्हटल्यावर काकांना नोकरी राहिली नाही आणि डोळ्याची भरपाईही राहिली नाही. कागद पुढे सरकवत बाई म्हणाल्या, “आणि तो तुमचा डबा. मुलांच्या चिठ्ठ्या आहेत म्हणे त्यात. तुमचा डबा तुम्हीच रिकामा करा.”

प्रयोगशाळेचं दार आतून लावून सरांनी डबा उघडला. अडतीस चिठ्ठ्या. गोल गोल, वळणदार अक्षरं. ‘आम्लात पाणी!! सर, आज फारच सोपी होती.’ ‘गाणं उलटं म्हटलं, खी खी.’ ‘माझी आई पण सांगेल ही चूक.’ ‘सर, तुमचा अभिनय एक नंबर.’ अख्ख्या वर्गाला दहा मिनिटं आधी ठाऊक होतं, आणि अख्खा वर्ग शहाण्यासारखा गप्प बसला होता. एकाच चिठ्ठीत दोन चुका होत्या, चिमटीच्या. ‘१. लिटमस. २. आम्लात पाणी. पहिली तुमची वाटते. दुसरी खरी वाटते. सर, थांबा.’ ‘थांबा’खाली दोन रेघा मारल्या होत्या.

सरांनी बर्नर पेटवला. एकेक चिठ्ठी चिमट्यात धरून जाळली. शेवटची चिमटीची.

घरी बायकोने विचारलं, “काय ठरलं?”

“त्यांनी स्वतःच कबूल केलंय. पात्रं त्यांच्याकडून बदलली.”

ती शिवणयंत्रावर बसली होती. तिने पाय थांबवला. कपाटात ठेवलेली चप्पल, उघडा राहिलेला गॅस, दोनदा घातलेलं मीठ, दीड वर्ष तीही मोजत होती. “त्यांचा डोळा गेला,” ती म्हणाली, “तुमचं काय गेलं?”

“माझ्याकडे आठच महिने आहेत,” सर म्हणाले.

“मग जा आणि शिकवा,” ती म्हणाली आणि यंत्र पुन्हा सुरू केलं.

सोमवारी सर वर्गावर गेले. कोपऱ्यातलं काकांचं स्टूल कुणीतरी हलवलं होतं. सगळं पूर्वीसारखंच व्हावं म्हणून सरांनी डबा आणला होता, खिशात लाल खडू होता आणि निळ्या वहीत आजची चूक लिहिली होती. लोखंड पाऱ्यावर तरंगतं. सांगायचं होतं, बुडतं. सकाळी वही दाखवायला कुणी नव्हतं. ती त्यांनी स्वतःशीच पाचदा वाचली.

“सुरुवात करण्याआधी एक सांगतो,” ते म्हणाले. “मंगळवारी जे झालं ते तुम्ही पाहिलंत. टेबल मांडताना बाटलीकाकांकडून पात्रांची अदलाबदल झाली. माणूस आहे, चुकतो. त्यांच्याबद्दल मनात राग ठेवू नका. चला, आज घनता.”

तास झकास झाला. पारा वाटीत थरथरला, सरांनी दोन विनोद केले, पुढच्या बाकावरची मुलं हसली. लोखंड पाऱ्यात बुडतं हे त्यांनी अशा काही बेमालूमपणे सांगितलं की त्यांचं त्यांनाच बरं वाटलं. डबा फिरत होता. नेहमीपेक्षा भरभर फिरत होता, आणि लिहिताना आज कुणी शेजाऱ्याला कोपर मारत नव्हतं. घंटेला अकरा मिनिटं असताना तो टेबलावर आला.

सरांनी पहिली चिठ्ठी उघडली. ‘काकांनी पात्रं बदलली नव्हती.’ दुसरी उघडली. ‘काकांची चूक नाही.’ तिसरी, चौथी. सर भराभर उघडत गेले. पाऱ्याचं कुणीच लिहिलं नव्हतं. अडतीस चिठ्ठ्या होत्या आणि अडतीसांत एकच चूक पकडली होती. प्रत्येकीखाली नाव होतं, नियमाप्रमाणे. सगळ्यात नेमकी चिमटीची. ‘सर गाणं उलटं म्हणाले. मग फळ्यावर उलटं लिहिलं. मग उलटं ओतलं. काका थांबवायला आले होते.’

चिमटी उठली. कुणी बोलावलं नव्हतं, पण नेमकी चिठ्ठी आपलीच असणार हे तिला ठाऊक होतं. टेबलापाशी आली आणि लाल खडूसाठी तिने हात पुढे केला. ती रागावलेली नव्हती. सर आता कान पकडतील, ‘चुकलो, शिकवा मला’ म्हणतील, मग ती फळ्यावर बरोबर काय ते लिहील आणि सगळं नीट होईल, असाच तिचा चेहरा होता. मागची सदतीस मुलंही त्याच भरवशावर वाट पाहत होती. हे सगळं त्यांना सरांनीच शिकवलं होतं, आणि सरांवर त्यांचा अजून विश्वास होता.

सरांचे हात कानांपर्यंत जायला निघाले होते. अर्ध्यावर त्यांना खिडकीशी बसलेला थोरला भाऊ दिसला, आणि हात खाली आले. त्यांनी चिठ्ठ्या गोळा केल्या, डब्यात भरल्या आणि झाकण दाबून बसवलं.

“आजची चूक पाऱ्यातली होती,” ते म्हणाले. “कुणालाच सापडली नाही.”

लाल खडूने त्यांनी फळ्यावर स्वतःच लिहिलं, ‘लोखंड पाऱ्यावर तरंगतं.’ खडू खिशात टाकला. चिमटीचा हात अजून पुढेच होता. “जागेवर जाऊन बस,” सर तिला म्हणाले, “आणि उतरवून घ्या सगळे.” मुलांनी वह्या उघडल्या आणि उतरवून घेतलं. ओरडलं कुणी नाही.